पहिली बरगडी

ज्याचा हात सुजून निळा पडलाय आणि जो हे मोबाईलवर वाचत बसलाय, त्याने आधी उठून डॉक्टरकडे जावं. बाकीचं तिथे बाकावर बसून वाचा. तिथे वेळ भरपूर मिळतो, हे मी अनुभवाने सांगतो.

मी डॉक्टर नाही. मी बेसबॉल खेळायचो आणि त्यावरच पोट भरायचो. जळगावचा माणूस बेसबॉलवर पोट भरतो म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे क्रिकेटसारखंच ना?" नाही हो. आमच्याकडे शाळेत सॉफ्टबॉल जोरात होता. त्यातून बेसबॉल, मग विद्यापीठाचा संघ. एका शिबिराला आलेल्या डच कोचने माझं फेकणं पाहिलं आणि आपल्या गावच्या क्लबला माझं नाव सांगितलं. तिथून माझं फिरणं सुरू झालं.

युरोपात बेसबॉलचे छोटे क्लब आहेत. खेळणारे म्हणजे प्लंबर, मास्तर, बँकेतले लोक. आणि एक-दोन बाहेरून आणलेले, पैसे देऊन. तो बाहेरचा मी. राहायला खोली, फिरायला सायकल आणि हातखर्च. वसंतात यायचं, पानगळ सुरू झाली की बॅग भरायची. लग्नाला बाहेरगावचा आचारी बोलावतात ना, तसं. पंगत उठली की झारे-कढया गोळा करून पुढच्या गावी. हॉलंड झालं, चेक झालं, ऑस्ट्रिया झालं. जर्मनीत एक उन्हाळा वोल्फ्सबुर्गच्या बाजूला काढला, एक उंटरश्लाइसहाइमला एका इंजिनिअर मित्राच्या सोफ्यावर. मी स्टार कधीच नव्हतो. पण सांगितला तिथे चेंडू टाकतो अशी माझी ख्याती होती, आणि तेवढ्यावर माझं बरं चाललं होतं.

मग सुजाताशी लग्न झालं. ती अकोल्याची, इंजिनिअर, ड्युसेलडॉर्फमध्ये नोकरीला. शेजारच्याच गावातल्या क्लबला पिचर हवा होता. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा, आणि समोर बसून तो झेलणारा कॅचर. आयुष्यात पहिल्यांदा मी एकाच गावात दुसरा सीझन खेळत होतो. स्वतःचा कुकर होता, बाल्कनीत कढीपत्ता होता. म्हटलं, आता जमलं.

हाताबद्दल बोलायचं नाही

बेसबॉलमध्ये काही नियम कुठे लिहिलेले नसतात, पण मोडायचे नसतात. पिचरचा दिवस छान चालला असेल, समोरच्या एकालाही त्याचा चेंडू नीट मारता येत नसेल, तर त्याच्याशी कोणी बोलत नाही. डाव बदलला की तो येऊन बाकावर बसतो आणि बाकीचे सगळे सरकून दुसऱ्या टोकाला जातात. पाणीसुद्धा कोणी आणून देत नाही. बोललं की मोडतं अशी समजूत. आपल्याकडे दृष्ट लागते, तसंच म्हणा. एरवी जर्मन माणूस प्रत्येक गोष्टीला पुरावा मागतो, पण या बाबतीत आमच्या मावशीच्या वरताण.

दुसरा नियम बाहेरून आणलेल्या पिचरचा, आणि तो त्याने स्वतःच स्वतःला घालून घ्यायचा असतो. हात दुखतो हे सांगायचं नाही. कोच विचारतो, "हात कसा आहे?" आपण म्हणायचं, "मस्त." कारण कुठल्यातरी गावात दुसरा कोणीतरी बॅग भरून तयारच असतो. हात दाखवून अवलक्षण कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी अशी किती दुखणी अंगावर काढली, त्याची गणतीच नाही.

त्या उन्हाळ्यात उजवा हात जड वाटायला लागला. मॅच झाली की दंड टरटरून फुगायचा. भर उकाड्यात मी लांब बाह्यांचा काळा शर्ट घालून खेळत होतो. संघातल्या एकाने विचारलं, तर म्हटलं, आम्हाला भारतात याहून जास्त उन्हाची सवय आहे.

घरी मात्र शर्ट काढावाच लागतो. सुजाता म्हणाली, "हे काय झालंय?"

"मुरगळलाय."

आईने जळगावहून तिळाच्या तेलाची बाटली पाठवली होती. सुजाता ऑफिसातून आली की तेल कोमट करायची आणि खांद्यापासून मनगटापर्यंत जोर लावून चोळायची. वरून गरम पाण्याची पिशवी. "बरं वाटतंय का रे?" मी हो म्हणायचो, आणि खोटंही नव्हतं ते. कोणी तेल लावून देतंय म्हटल्यावर कोणाला बरं वाटणार नाही? पण सूज काही उतरली नाही.

निळी नखं

आमचा कॅचर योनास. दिवसभर लोकांच्या घरचे हीटर दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी माझे चेंडू झेलायचा. बोलायला महाकंजूस. आठवड्याचे शब्द मोजून आणतो, असं मी सुजाताला सांगायचो.

एका प्रॅक्टिसला त्याने माझा चेंडू झेलला आणि परत फेकायच्या ऐवजी चालत माझ्याकडे आला. माझ्या डाव्या हातातला ग्लव्ह त्याने ओढून काढला आणि माझे दोन्ही हात आपल्या तळव्यावर शेजारी शेजारी ठेवले. उजव्या हाताची नखं जांभळाच्या रंगाची झाली होती. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आल्झो," म्हणजे 'चला तर', आणि खिशातून गाडीची किल्ली काढली. दुखतं का, हे त्याने विचारलं नाही. त्याच्या व्हॅनमध्ये मागे पाइप खडखडत होते आणि आम्ही दोघं गप्प. असे हॉस्पिटलच्या नोटआउफनामेत पोचलो. म्हणजे आपली कॅज्युअल्टी.

तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी बाही वर केली. खांद्यावर, छातीवर शिरा तटतटून वर आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्ही रंगारी आहात का? छत रंगवता?"

"नाही. बेसबॉल."

"भारतातून आलात ना? मग क्रिकेट म्हणायचंय तुम्हाला."

हात निळा पडला तरी त्या प्रश्नातून सुटका नव्हती.

सोनोग्राफी झाली. गळ्याखालचं आडवं हाड आणि पहिली बरगडी यांच्या फटीतून हाताची मोठी शीर जाते. माझी फट मुळातच अरुंद, त्यात इतकी वर्षं हात डोक्यावर नेऊन फेकणं. दाराखाली रोज चेपणारी वायर एक दिवस जाते, तसं झालं होतं. शिरेत रक्ताची गाठ होती. आधी औषधाने गाठ विरघळवायची आणि मग ती बरगडीच काढून टाकायची, असं ठरलं.

"घरी काही उपाय केले?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"तेल. मालिश. शेक."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मालिश बंद. आजपासून हा हात कोणीही चोळायचा नाही. गाठीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला, तर जिवावर बेतेल."

मी वळून पाहिलं तर दारात सुजाता उभी होती, ऑफिसची बॅग खांद्यावर तशीच. योनासने तिला फोन केला होता. तिने ते ऐकलं हे मला कळलं. तिने त्यातून काय ऐकलं, हे कळायला मला पुढे बरेच दिवस लागले.

मी एकच प्रश्न विचारला. मी परत पिच करू शकेन का? डॉक्टरबाई म्हणाल्या, "शर्टाची बटणं लावाल, बॅग उचलाल, एवढं मी सांगू शकते. फेकण्याचं मी आज सांगणार नाही."

कडेपर्यंत लोणी

हॉस्पिटलचा दिवस फार लवकर सुरू होतो आणि मग तिथेच अडकून पडतो. ताप बघा, बीपी बघा, पोटात इंजेक्शन घ्या, खिडकी उघडा, खिडकी बंद करा. हातात नळी होती, त्यामुळे उजवा हात उशीवर ठेवून द्यायचा. एखाद्या पाहुण्याच्या सामानासारखा तो बाजूला पडून असायचा. संध्याकाळचं जेवण दिवसाउजेडी, आणि तेही थंड. पाव, चीज, काकडीचं लोणचं. पहिल्या दिवशी मी गरम जेवणाची वाट बघत बसलो आणि मावशी ताट उचलून घेऊन गेल्या.

माझ्या शेजारच्या खाटेवर हेर, म्हणजे श्रीयुत, क्राउझं होते. ट्रामचे निवृत्त ड्रायव्हर, पायाच्या शिरेचं ऑपरेशन झालेलं. माझी एका हाताने पावाशी झटापट चाललेली त्यांनी पाहिली. खाटेवरून सावकाश उतरले, माझं ताट आपल्याकडे ओढलं आणि पावाच्या पार कडेपर्यंत लोणी लावून परत सरकवलं. दुसऱ्या दिवशी अंडं सोलून दिलं. रोज. न विचारता, न बोलता. सुजाता डब्यात वरणभात आणायची, त्यातला अर्धा मग त्यांचा ठरला.

भीती एकटं असलं की यायची. छातीत जरा कुठे टोचलं की वाटायचं, सुटला तुकडा. मी श्वास रोखून पडून राहायचो, जसं काही न हलल्याने तो थांबणार होता. तुम्हालाही असं होत असेल तर नर्सला बोलवा, लाजू नका. मी लाजलो, आणि नुसता घामाघूम होत पडून राहिलो.

संघ भेटायला आला

एका रविवारी अख्खा संघ आला. क्लबच्या टोप्या घालून, घरी केलेला प्लमचा केक घेऊन. खोलीत मावेनात. ऑटोबानचं, म्हणजे हायवेचं, काम कसं रखडलंय, यंदा प्लम कसे लवकर आले, कोणाच्या तळघरात पाणी शिरलं, सगळं बोलून झालं. उशीवर ठेवलेल्या हाताकडे एकानेही पाहिलं नाही. योनास खिडकीला टेकून उभा होता. जाताना त्याने माझ्या पायाला पांघरुणावरूनच थोपटलं.

ते गेल्यावर सुजाता म्हणाली, "एवढी माणसं आली, एकाने तरी विचारलं का, हात कसा आहे?"

मी तिला तो बाकाचा नियम सांगितला.

"म्हणजे तुझा डाव अजून चालू आहे असं धरून चाललेत ते?"

"गेनाऊ. अगदी तसंच."

"आणि तू?"

"मी पण."

तिने डबा पिशवीत घातला आणि गेली. त्यानंतर तिनेही हाताचा विषय काढला नाही. यायची, पाणी भरून ठेवायची, कपडे बदलून न्यायची, खुर्ची पायथ्याशी ओढून बसायची. मला वाटलं, बायको शहाणी आहे, एका दिवसात नियम शिकली. मी आपला खूश होतो.

बाबा

सुजाताचे वडील र्‍हाइन नदी बघायला येणार होते, व्हिसा आधीच झाला होता. ते आले ते थेट हॉस्पिटलात. वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस, आवाज सगळ्या वॉर्डाला पुरेल एवढा. लग्न ठरताना त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की मुलगा खेळाडू आहे. ते धरून चालले की रेल्वेत असणार, स्पोर्ट्स कोट्यातून. खरं कळलं तेव्हा पत्रिका छापून झाल्या होत्या. आणि बाबा समोर असले की सुजाता एरवीचं "अरे" सोडून मला "अहो" म्हणते, तेव्हा आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो की काय असं वाटतं.

"जय भीम, जावईबापू." त्यांनी खुर्ची उचलली आणि नेमकी उजव्या हाताच्या बाजूला ठेवली. जिथे आजवर कोणी बसलं नव्हतं. चष्मा पुसून हाताकडे नीट पाहिलं. "हाच का तो?"

"हो."

"परत फेकता येईल?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. इतक्या दिवसांत हे विचारणारा पहिला माणूस.

"माहीत नाही, बाबा."

"भीती वाटते?"

"वाटते. फार वाटते." बोलायला लागल्यावर मला थांबता येईना. "मी दुसरं काही केलंच नाही हो आयुष्यात. हा हात गेला तर मी कोण, हेच मला कळत नाही."

त्यांनी मान हलवली. उपदेश केला नाही, हे त्यांचे उपकार. थोड्या वेळाने म्हणाले, "सुजाताला सांगितलंत हे?"

"ती विचारतच नाही."

"ती कशी विचारेल? विमानतळावर मला बघितलं आणि रडायलाच लागली. म्हणे, बाबा, माझ्या हातून झालं. मी चोळलं म्हणून गाठ झाली. तेलाची बाटली फेकून दिली तिने."

मी ज्याला नियम समजत होतो, ते तिचं रडू होतं. आणि मी खाटेवर पडून तिला मनातल्या मनात शाबासकी देत होतो.

सुजाता आली तेव्हा बाबा कॉफीचं मशीन शोधायला म्हणून उठले. मी तिला म्हटलं, "तेलाने काही झालेलं नाही."

"डॉक्टर काय म्हणाल्या ते मी स्वतः ऐकलंय."

"त्या पुढच्या धोक्याबद्दल बोलल्या. गाठ आधीच होती. बरगडीमुळे."

"तू मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस."

मग आम्ही डॉक्टरबाईंनाच बोलावलं. त्यांनी खाटेच्या कडेवर बसून शांतपणे समजावलं. चोळणं धोक्याचं होतं हे खरं, पण गाठ त्याने झाली नाही, ती या हाडाने केली. आणि त्याहून धोक्याचं होतं ते लांब बाह्यांचा शर्ट घालून हिंडणं.

त्या गेल्यावर सुजाता रडली. आणि रडून झाल्यावर माझ्यावर चिडली. "मुरगळलाय म्हणालास तू मला. खरं सांगितलं असतंस तर मी तेल लावलं असतं का? तिथे बाकावर लपवायचं ते लपव, पण मी काय तुमच्या टीममध्ये आहे का?"

"नाहीस."

"मग?"

"मला भीती वाटते," मी म्हटलं. "परत फेकता येणार नाही याची."

"मलाही वाटते," ती म्हणाली. "पण मला तू मरशील याची वाटत होती."

मग तिने खुर्ची पायथ्यापासून उचलून उजव्या बाजूला आणली. नर्सला विचारून आली की बोटं धरली तर चालेल का. चालेल म्हणाल्या. हेर क्राउझं भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करत होते.

हाड

ऑपरेशनचं फार सांगण्यासारखं नाही, कारण मी तिथे असून नव्हतो. काखेतून बरगडी काढली. शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, ते हाड मला बघायला मिळेल का? ते तपासणीला गेलं होतं. बाबा म्हणाले, "कशाला बघायचंय? तुमच्याकडे अजून बऱ्याच आहेत." हसलो तर टाके असे ओढले गेले की त्यांना खोलीबाहेर घालवावं लागलं.

हिवाळाभर व्यायाम केला. आधी रबराचा पट्टा ओढायचा, मग पाण्याची बाटली उचलायची. ज्या दिवशी उजव्या हाताने कुकरचं झाकण लागलं, त्या दिवशी आम्ही खिचडी केली आणि बाबांना व्हिडिओ कॉलवर झाकण लावून दाखवलं. ते म्हणाले, "शिट्टी होऊ दे, मग मानतो." एक सांगतो. अशा वेळी घरच्यांना नुसतं काळजी करत बसवू नका, काहीतरी काम द्या. सुजाता पट्ट्याचं दुसरं टोक धरायची. तिच्या हातात ते टोक असलं की आम्ही दोघंही कमी भांडायचो.

क्लबकडून एकच निरोप आला. एप्रिलमध्ये मैदान उघडतंय, ये.

एप्रिल

डॉक्टरांनी हळूहळू फेकायची परवानगी दिली होती, आणि मी काही आठवडे भिंतीवर चेंडू मारून बघत होतो. त्या दिवशी मैदानावर गवत ओलं होतं. सुजाता कुंपणाला टेकून उभी राहिली. मी आत आलो तसा अख्खा संघ बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकला. योनासने मास्क घातला आणि समोर जाऊन बसला.

मी फेकायला लागलो. चेंडू सांगितला तिथे जात होता. पण पूर्वी माझा चेंडू योनासच्या ग्लव्हमध्ये शिरला की फटाका फुटल्यासारखा आवाज यायचा. आता नुसतं थप्प व्हायचं, चटईवर उशी टाकल्यासारखं. वाटलं, अंग गरम झालं की येईल. जोर लावला. थप्प. योनास तसाच चेहरा ठेवून चेंडू परत फेकत होता, आणि मी म्हणेन तोवर त्याने दिवसभर तसाच फेकला असता. हे मला पक्कं माहीत होतं. ती सगळी माणसं मी म्हणेन तोवर गप्प बसणार होती.

मी बाकावर जाऊन बसलो. माझ्या शेजारचा सगळा बाक रिकामा. योनासही येऊन पलीकडच्या टोकाला उभा राहिला, पाणी प्यायला लागला. मी कुंपणाकडे पाहिलं. सुजाता काही खुणावत नव्हती, नुसती बघत होती.

"झालं माझं," मी जर्मनमध्ये म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "हात आता एवढाच आहे."

मग योनासने बाटली खाली ठेवली, बाकाच्या या टोकापर्यंत चालत आला आणि गुडघ्यावरची पॅडं न सोडताच माझ्या उजव्या बाजूला बसला. अगदी खांद्याला खांदा लावून.

"दुखतं का?" त्याने विचारलं.

इतकी गावं, इतके बाक, आणि प्रत्येक ठिकाणी माझं उत्तर तयार असायचं. मस्त.

"हो," मी म्हणालो. "थोडं दुखतं."

त्याने मान हलवली. मग बाकीचे आले. एकाला टाके बघायचे होते, एकाला बरगडीचं काय केलं ते विचारायचं होतं, एकाच्या मेहुण्याला म्हणे असंच झालं होतं. सगळे एकदम बोलत होते आणि सगळ्यांना माझ्याजवळ बसायचं होतं. सुजाता फाटकातून आत आली तेव्हा तिला बसायला जागाच नव्हती. मी सरकलो.